'मिळते' या क्रियापदाचा कायदा : अपंगत्वविषयक हक्ककायद्याच्या प्राथमिक अध्यापनाची चिकित्सा

१

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४७ व्या कलमात अध्यापनासंबंधी एक आज्ञा आहे. पंचायत राज संस्थांचे सदस्य, विधिमंडळांचे सदस्य, प्रशासक, पोलीस अधिकारी, न्यायाधीश आणि वकील यांच्या सर्व प्रशिक्षणक्रमांत अपंगत्वविषयक हक्कांचे शिक्षण शासनाने अनिवार्य करावयाचे आहे. शाळा, महाविद्यालये व विद्यापीठे यांतील शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, समाजकल्याण अधिकारी, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, अभियंते, वास्तुशिल्पज्ञ इत्यादींच्या अभ्यासक्रमांत अपंगत्व हा एक घटक म्हणून अंतर्भूत करावयाचा आहे. एखाद्या कायद्याने आपल्या अध्यापनाची तरतूद आपल्याच पोटी करून ठेवावी, ही गोष्ट सामान्यतः आढळत नाही. कायदा केवळ न्यायालयांनी राबवून भागणार नाही, तो गावोगावच्या कचेऱ्यांत, शाळांत व दवाखान्यांत समजला गेला पाहिजे, ही जाणीव या तरतुदीच्या मुळाशी आहे.

या आज्ञेचे पालन बहुधा कार्यशाळेच्या रूपाने होते. कार्यशाळा हा अध्यापनाचा एक स्वतंत्र प्रकार होय. तिची मुदत एखाददुसऱ्या दिवसाची असते, श्रोतृवर्ग संमिश्र असतो आणि पुनरावृत्तीची संधी सहसा नसते. वर्षभर चालणाऱ्या अभ्यासक्रमात पहिल्या व्याख्यानातील उणीव पुढे भरून काढता येते. कार्यशाळेत जे प्रथम सांगितले जाते तेच श्रोत्याच्या मनात कायद्याचे स्वरूप म्हणून ठसते. म्हणून तिच्या बाबतीत विषयांचा क्रम ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

सामान्यतः आढळणारा क्रम असा असतो : प्रथम अनुसूचीतील २१ प्रकारांची यादी; त्यानंतर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र काढण्याची रीत; मग ४० टक्क्यांची अट, सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के व उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण; पुढे निरनिराळ्या योजना व सवलती; आणि वेळ उरल्यास शेवटी समानता, भेदभाव, तक्रार यांविषयी चार शब्द. या क्रमात सांगितलेली प्रत्येक बाब खरी असू शकते. तरीही संपूर्ण मांडणीतून उभा राहणारा कायदा हा २०१६ चा कायदा नसतो. तो १९९५ चा, म्हणजे या अधिनियमाने निरसित केलेला कायदा असतो. या विधानाची उपपत्ती दोन अधिनियमांतील व्याख्यांच्या तुलनेतून लागते.

२

१९९५ च्या अधिनियमाने अपंग व्यक्तीची व्याख्या अशी केली होती की, वैद्यकीय प्राधिकाऱ्याने प्रमाणित केल्याप्रमाणे कोणत्याही अपंगत्वाचे प्रमाण ज्या व्यक्तीच्या ठिकाणी ४० टक्क्यांहून कमी नाही, ती अपंग व्यक्ती होय. अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, कुष्ठरोगमुक्तता, हालचालीसंबंधीचे अपंगत्व, मतिमंदत्व व मानसिक आजार असे सात प्रकार त्या कायद्याला माहीत होते. या व्याख्येत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या : शरीर वा मन यांतील दोष, त्याचे मोजमाप आणि ते मोजणारा वैद्य. चौथी कोणतीही गोष्ट तीत नव्हती. समाज, इमारत, परीक्षापद्धती, अधिकाऱ्याची मनोवृत्ती यांपैकी कशाचाही अपंगत्वाशी कारणसंबंध या व्याख्येला दिसत नव्हता.

दरम्यान १३ डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. त्या कराराला अनुसरून केलेला २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. प्रकारांची संख्या सातावरून २१ वर गेली, हा बदल सर्वत्र सांगितला जातो. कारण तो मोजता येतो. परंतु त्याहून मूलगामी बदल व्याख्येत झाला, आणि तो मात्र सहसा निसटतो.

नव्या अधिनियमात एका व्याख्येच्या जागी दोन व्याख्या आल्या. कलम २ च्या 'एस' या खंडानुसार, दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियविषयक न्यूनता असलेली आणि त्या न्यूनतेचा अडथळ्यांशी संबंध येऊन इतरांच्या बरोबरीने समाजात पूर्ण व परिणामकारक सहभाग घेण्यास जिला प्रतिबंध होतो, अशी व्यक्ती ही अपंगत्व असलेली व्यक्ती होय. या व्याख्येत टक्केवारी नाही, वैद्य नाही आणि प्रमाणपत्रही नाही. तिच्यात दोन पदे आहेत : एक न्यूनता, दुसरे अडथळा. या दोहोंच्या संबंधातून अपंगत्व निष्पन्न होते. अडथळ्याची व्याख्याही स्वतंत्रपणे दिलेली असून तीत संज्ञापनात्मक, सांस्कृतिक, आर्थिक, पर्यावरणीय, संस्थात्मक, राजकीय, सामाजिक, मनोवृत्तिविषयक व रचनात्मक अशा सर्व घटकांचा समावेश होतो. ४० टक्क्यांची अट कायद्यातून गेलेली नाही. परंतु ती 'आर' या निराळ्या खंडात, लक्षणीय दिव्यांगत्व या निराळ्या संज्ञेखाली ठेवण्यात आली आहे. आरक्षणासारख्या ठराविक तरतुदींपुरतेच तिचे प्रयोजन आहे.

ही विभागणी म्हणजेच अधिनियमाचा कणा होय. समानता, भेदभावास मनाई, वाजवी अनुकूलन, न्यायप्रवेश, कायदेशीर क्षमता हे हक्क पहिल्या व्याख्येत बसणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे आहेत. नोकरीतील व उच्च शिक्षणातील राखीव जागा दुसऱ्या व्याख्येत बसणाऱ्यांच्या आहेत. ज्या कार्यशाळेत प्रमाणपत्र प्रथम येते, तिच्यात दुसरी व्याख्या पहिलीला गिळून टाकते. श्रोता अशी समजूत घेऊन घरी जातो की, ४० टक्क्यांच्या आत कायदा आणि बाहेर काहीच नाही. विस्तारित अनुसूची आणि जुनी व्याख्या यांचा असा संकर कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेला नाही. तो अध्यापनाच्या क्रमातून जन्माला येतो.

३

या गैरसमजाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे दोन निकालांवरून स्पष्ट होते. दोन्ही निकाल प्राथमिक अध्यापनासाठी उत्तम पाठ ठरावेत असे आहेत.

पहिला निकाल विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणातील. हाताने लिहिताना स्नायू आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराने नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिकाची मागणी केली होती. नियमांनुसार लेखनिक ठराविक प्रकारांतल्या उमेदवारांनाच देय होता, आणि लक्षणीय दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही या भूमिकेतून मागणी नाकारण्यात आली. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका अमान्य केली. लक्षणीय दिव्यांगत्वाची अट ज्या तरतुदींसाठी घातलेली आहे तेथेच ती लागू होते. लेखनिकाची सोय ही वाजवी अनुकूलनाच्या हक्कातून उद्भवते आणि तो हक्क 'एस' खंडातील प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा त्या निकालाचा आशय. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या व लिहिण्यात अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे अधिनियमाच्या व्याख्येतच असलेली गोष्ट प्रशासनाच्या व्यवहारात उतरण्यास पाच वर्षांहून अधिक काळ आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लागला. नियम करणाऱ्यांनी व राबविणाऱ्यांनी दोन व्याख्यांमधील भेद आरंभीच ध्यानात घेतला असता, तर हा विलंब टळण्याचा संभव होता.

दुसरे प्रकरण महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशाचे असून त्यातील निकालाची कारणे १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिली गेली. वाचा व भाषा यांसंबंधीचे अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्यास उमेदवार वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरतो, असे त्या वेळचे विनियम सांगत होते. दुसरीकडे अपंगांसाठी राखीव जागा मिळविण्यासाठी अपंगत्व ४० टक्के असणे आवश्यक होते. ४० टक्क्यांच्या खाली आरक्षण नाही आणि ४० टक्क्यांच्या वर प्रवेश नाही, अशा कोंडीत उमेदवार सापडला. केवळ टक्केवारीवरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या आड ते अपंगत्व प्रत्यक्षात येते काय, याचे मूल्यमापन मंडळाने केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

दोन्ही प्रकरणे एकत्र वाचली असता टक्केवारीचे खरे स्वरूप उघड होते. पहिल्या प्रकरणात अपंगत्व 'पुरेसे' नाही म्हणून नकार मिळाला. दुसऱ्यात ते 'फार' आहे म्हणून नकार मिळाला. आकडा तोच, नकाराची दिशा मात्र उलट. हक्काचा आधार म्हणून टक्केवारी किती दुबळी आहे, हे याहून अधिक स्पष्टपणे दाखविणारा पाठ क्वचितच सापडेल. अडथळा म्हणजे केवळ जिना नव्हे, हेही कार्यशाळेत सांगावे लागते. जीजा घोष विरुद्ध भारत संघ या प्रकरणात मस्तिष्क पक्षाघात असलेल्या एका महिलेला २०१२ मध्ये विमानात बसल्यानंतर खाली उतरविण्यात आले होते. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला १० लाख रुपये भरपाई देवविली. तेथे पायरी आड आली नव्हती. ती तर विमानात चढून आपल्या आसनावर बसली होती. अडथळा होता तो इतरांच्या मनातील शंकेचा.

४

चुकीच्या क्रमाला भाषेचे साहाय्य मिळते. कार्यशाळांतील मराठी वाक्यांचा साचा बारकाईने पाहिल्यास एक क्रियापद वारंवार भेटते. ते म्हणजे 'मिळणे'. 'अपंगांना ४ टक्के आरक्षण मिळते', 'विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो', 'परीक्षेत जादा वेळ मिळतो', 'प्रवासभाड्यात सवलत मिळते'. ही वाक्ये मराठीच्या वळणाला धरून आहेत. म्हणूनच त्यांच्यातील उणीव जाणवत नाही.

'विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो' या वाक्याचे व्याकरण पाहावे. 'मिळणे' हे अकर्मक क्रियापद आहे. त्याचा कर्ता 'लेखनिक'. कारण क्रियापदाचे लिंगवचन त्याच्यानुसार चालते. विद्यार्थी चतुर्थीत, म्हणजे स्वीकारणाऱ्याच्या जागी उभा आहे. लेखनिक देण्यास जी संस्था कायद्याने बांधील आहे, ती वाक्यात कोठेच नाही. पाऊस मिळावा, यश मिळावे, त्याच रीतीने येथे लेखनिक मिळतो. न मिळाल्यास दोष कोणाचा, हा प्रश्न अशा वाक्यातून उद्भवतच नाही.

आता अधिनियमाचे वाक्य पाहावे. १७ व्या कलमाचा कर्ता 'समुचित शासन आणि स्थानिक प्राधिकरणे' हा असून परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांसाठी परीक्षापद्धतीत व अभ्यासक्रमात योग्य बदल करणे हे त्यांच्यावर सोपविलेले काम आहे. २० व्या कलमात शासकीय आस्थापना कर्ता आहे : तिने नोकरीत भेदभाव करावयाचा नाही आणि वाजवी अनुकूलन पुरवावयाचे आहे. २१ व्या कलमात प्रत्येक आस्थापना कर्ता आहे : तिने समान संधीचे धोरण प्रसिद्ध करावयाचे आहे. २३ व्या कलमान्वये शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमावयाचा आहे. ३२ व्या कलमात शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्था कर्ता आहेत. कायदा प्रत्येक ठिकाणी करणाऱ्याचे नाव घेतो आणि कार्यशाळा ते नाव पुसून टाकते. मराठी विधिभाषा तर 'करील', 'नाकारणार नाही' अशा निश्चयार्थी रूपांनी बंधन व्यक्त करण्यास समर्थ आहे. अध्यापनाच्या भाषेत आल्याबरोबर त्याच आज्ञेचे 'मिळते' होते.

हक्क व कर्तव्य ही परस्परसापेक्ष पदे आहेत आणि कोणावर कर्तव्य आहे हे सांगता येत नसेल तर हक्क आहे असे म्हणता येत नाही, हा सिद्धांत हॉफेल्ड याने १९१३ मध्ये केलेल्या विश्लेषणापासून विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. त्या दृष्टीने पाहता 'मिळते' या वाक्यात हक्क नाहीच; तेथे केवळ लाभ आहे. लाभ देणारा अदृश्य असल्यामुळे तो उदार ठरतो आणि घेणारा 'लाभार्थी' ठरतो. शासकीय मराठीत रूढ झालेला हा 'लाभार्थी' शब्द याच वाक्यरचनेचे अपत्य होय. 'एस' खंडाने अपंगत्वाचे कारण व्यक्तीच्या शरीराबाहेर, अडथळ्यात शोधले आणि कलमांच्या वाक्यरचनेने उपायाचा भारही व्यक्तीबाहेर, बांधील संस्थेवर टाकला. 'मिळते' हे क्रियापद या दोन्ही गोष्टी पुन्हा त्या व्यक्तीपाशी आणून सोडते.

एक साधे उदाहरण या ठिकाणी उद्‌बोधक ठरेल. एस. टी. च्या भाड्यात अपंग प्रवाशाला सवलत आहे, ही माहिती कार्यशाळेत आवर्जून दिली जाते. परंतु ज्या बसची पायरीच चढता येत नाही, तिच्या भाड्यातील सवलतीचा उपयोग किती? बसस्थानके व वाहने सुगम करण्याविषयीची तरतूद ४१ व्या कलमात आहे. सवलत सांगताना प्रवाशाकडे कोणते कागद हवेत हे सांगावे लागते. ४१ वे कलम सांगताना परिवहन चालविणाऱ्यांनी काय करावयाचे आहे हे सांगावे लागते. पहिले सोपे वाटते आणि दुसरे अवघड, याचे कारण विषयाची कठिणता हे नाही. दुसऱ्या वाक्यात कोणाला तरी जाब विचारावा लागतो.

५

शब्दांविषयीची चर्चा कार्यशाळांत होत नाही असे नाही. किंबहुना ती पुष्कळ होते. परंतु ती प्रायः एकाच शब्दाभोवती फिरते : 'अपंग' म्हणावे, 'विकलांग' म्हणावे की 'दिव्यांग'? २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला, आणि पुढे तो केंद्रीय विभागाच्या हिंदी नावात, तसेच अधिनियमाच्या मराठी नावात आला. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने २०१९ मध्ये भारताविषयीच्या आपल्या निरीक्षणांत हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. शब्दाचा हेतू गौरवाचा असला, तरी न्यूनतेवर दिव्यत्वाचा आरोप केल्याने अडथळा दृष्टीआड होतो, हा त्यावरील आक्षेप विचारार्ह आहे. ज्याच्यापाशी दिव्य शक्ती आहे त्याला रॅम्पची गरज का भासावी?

तथापि नामाच्या या वादात जेवढा वेळ जातो तेवढा क्रियापदाच्या चिकित्सेला दिला जात नाही. 'दिव्यांगांना सवलत मिळते' आणि 'अपंगांना सवलत मिळते' या दोन वाक्यांत कायद्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या डिसेंबरात या विषयासाठी स्वतंत्र विभाग अस्तित्वात आणला, ही महत्त्वाची घटना होय; पण त्याचे नाव 'दिव्यांग कल्याण विभाग' असे ठेवले गेले. अधिनियमाच्या नावात 'हक्क' आहे आणि तो राबविणाऱ्या विभागाच्या नावात 'कल्याण' आहे. हे अंतर कार्यशाळेने निदान दाखवून तरी दिले पाहिजे.

नामांपैकी ज्याची चर्चा खरोखर आवश्यक आहे ते नाम वेगळेच आहे. इंग्रजीतील 'रीझनेबल अकॉमोडेशन' या संज्ञेला मराठीत 'वाजवी सोय', 'वाजवी सवलत', 'वाजवी निवास' असे नाना पर्याय वापरले जाऊ शकतात. यांपैकी 'निवास' हा तर अनर्थच होय. 'सवलत' या शब्दात नियम शिथिल करून केलेली कृपा सूचित होते. म्हणून तोही त्याज्य. 'सोय' हा शब्द घरगुती व सुबोध आहे, परंतु सोय ही झाली तर बरी, न झाली तर चालवून घ्यावयाची, असा त्याचा रूढ भाव आहे. अधिनियमातील अर्थ याहून काटेकोर आहे : विशिष्ट प्रसंगी अवाजवी भार न टाकता, अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत यासाठी केलेले आवश्यक व योग्य फेरबदल. या अर्थाच्या जवळ 'वाजवी अनुकूलन' हा पर्याय जातो. कारण बदलायचे आहे ते व्यवस्थेने, व्यक्तीने नव्हे, हे त्यात ध्वनित होते. आणि या संज्ञेबरोबर तिचा परिणामही त्याच दमात शिकविला पाहिजे. कलम २ मधील भेदभावाच्या व्याख्येत वाजवी अनुकूलन नाकारणे हाही भेदभाव होय, असे स्पष्ट म्हटले आहे. लेखनिक नाकारणारा अधिकारी सवलत नाकारीत नाही. तो भेदभाव करतो.

६

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, कार्यशाळेस येणाऱ्या माणसाला व्याख्यांची मीमांसा नको असते. त्याला दाखला कोठे काढावा, कोणता कागद जोडावा हे हवे असते. २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली; त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होत्या. दाखल्यासाठी तालुक्याहून जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालणाऱ्या कुटुंबाला हॉफेल्डचा सिद्धांत काय कामाचा? हा आक्षेप खरा आहे, आणि दाखल्याची माहिती वगळावी असे कोणी म्हणणारही नाही. प्रश्न स्थानाचा आहे. दाखला ही काही दारांची किल्ली आहे, सर्व दारांची नव्हे, एवढे आधी कळले तर त्या माहितीचे मोल वाढते. शिवाय २१ प्रकारांची यादी पाठ करण्यापेक्षा अडथळ्याची कल्पना समजणे सोपे असते. अंगणवाडीच्या उंबरठ्यावर अडणारे मूल कोणत्या प्रकारात बसते, हे सेविकेला ठाऊक नसेल; उंबरठा कोणी काढावयाचा, हे मात्र तिला तत्काळ समजते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. कायद्याची वाक्ये तरी सर्वत्र निश्चयार्थी कोठे आहेत? १६ व्या कलमात समावेशक शिक्षणासंबंधी शासनाने 'प्रयत्न' करावयाचा आहे. २४ व्या कलमातील सामाजिक सुरक्षा आर्थिक कुवतीच्या व विकासाच्या मर्यादेत आहे. १९९५ च्या अधिनियमातील वाहतूक व रस्ते यांविषयीच्या कलमांत हीच शब्दयोजना होती. ३ ऱ्या कलमात भेदभावास मनाई करताना, कायदेशीर उद्दिष्ट साधण्याचे ते प्रमाणशीर साधन असल्याचे दाखविल्यास अपवाद ठेवला आहे. त्याचा दुरुपयोग होऊ नये याची जबाबदारी आस्थापनाप्रमुखावर टाकण्यासाठी २०१७ च्या नियमांना वेगळी तरतूद करावी लागली. आयुक्तांचे अधिकार मुख्यतः शिफारशीचे आहेत. शिफारस न स्वीकारल्यास तीन महिन्यांत कारणे कळविली की प्राधिकरणाचे काम भागते. अधिनियमाचा वा नियमांचा भंग केल्यास पहिल्या वेळी दंड १० हजार रुपयांपर्यंतच आहे. मग 'बांधील आहे' असे शिकविणे ही श्रोत्यांची दिशाभूल नव्हे काय?

वस्तुतः हा आक्षेप प्रस्तुत विवेचनाला बळकटीच आणतो. कर्ता व क्रियापद शोधण्याची सवय लागलेल्या श्रोत्यालाच 'करील' आणि 'करण्याचा प्रयत्न करील' यांतील अंतर दिसते. 'मिळते' शिकलेल्याला दोन्ही सारखीच. या वाचनाचा प्रत्यक्ष परिणाम काय होऊ शकतो, हे राजीव रतुरी विरुद्ध भारत संघ या प्रकरणातील ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने दाखविले आहे. सुगमतेविषयी बंधनकारक नियम करण्याचे काम ४० व्या कलमाने केंद्र शासनावर सोपविले होते. २०१७ च्या नियमांतील १५ व्या नियमाने मात्र निरनिराळ्या मार्गदर्शक सूचनांचा निर्देश केला आणि त्या सूचनांची भाषा बहुतांशी 'असे करावे' या सल्ल्याच्या स्वरूपाची होती. बंधन आणि सल्ला यांतील हा विसंवाद न्यायालयाने हेरला, संबंधित उपनियम अधिनियमाशी विसंगत ठरविला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत निश्चित करण्याचा आदेश दिला. देशभरातील इमारती, बसगाड्या व संकेतस्थळे यांच्या सुगमतेचा प्रश्न अखेर क्रियापदाच्या अर्थावर येऊन ठेपला होता. मराठीत 'करावे' हे रूप आज्ञा आणि उपदेश या दोन्ही अर्थांनी चालते. म्हणून मराठी माध्यमाच्या कार्यशाळेत तर हा भेद विशेष काळजीने शिकविला पाहिजे.

७

या विवेचनातून निघणारा अध्यापनक्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल. आरंभ 'एस' खंडातील व्याख्येने व अडथळ्याच्या कल्पनेने व्हावा. श्रोत्यांनी आपापल्या कचेरीतील वा शाळेतील अडथळ्यांची नोंद स्वतः करावी. त्यानंतर ३ रे कलम, भेदभावाची व्याख्या आणि वाजवी अनुकूलन ही एकत्र शिकवावीत, आणि सुगमता व अनुकूलन यांतील भेद स्पष्ट करावा : सुगमता ही सर्वांसाठी आगाऊ करून ठेवावयाची रचना, तर अनुकूलन हे विशिष्ट व्यक्तीच्या विशिष्ट गरजेपुरते, मागणी होताच करावयाचे. कायदेशीर क्षमतेचे १३ वे कलम याच टप्प्यावर यावे. कारण मानसिक वा बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा अडथळा त्यांच्या शब्दालाच किंमत न देणे हा असतो. लक्षणीय दिव्यांगत्व, प्रमाणपत्र, आरक्षण व योजना ही तिसऱ्या टप्प्यावर, त्यांच्या मर्यादित प्रयोजनासह यावीत. शेवटी तक्रारीची वाट आणि तिच्यातील उणिवा प्रांजळपणे सांगाव्यात.

या सर्वांत एकच स्वाध्याय अनिवार्य असावा. योजनांच्या पत्रकांतून 'मिळते'ची दहा वाक्ये घ्यावीत आणि प्रत्येकीचा हरवलेला कर्ता कायद्यात शोधून वाक्य पुन्हा लिहावे. 'विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो' याचे 'लेखनिकाची व्यवस्था करण्यास परीक्षा घेणारी संस्था बांधील आहे' असे रूपांतर करताना कलम, बांधील पक्ष आणि दाद मागण्याची जागा या तिन्ही गोष्टी श्रोत्याला आपोआप शोधाव्या लागतात. ज्या वाक्याचा कर्ता कोणत्याच कलमात सापडणार नाही, तेथे हक्क नसून केवळ धोरण आहे, हेही त्याला कळते. असे कळणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

हीच कसोटी कार्यशाळेने स्वतःलाही लावली पाहिजे. लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरलेली, पडद्यावरील मजकूर मोठ्याने न वाचणारी, भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था न करणारी, स्क्रीन रीडरने वाचता न येणाऱ्या छायाप्रती वाटणारी कार्यशाळा ४७ व्या कलमाचे पालन करता करता इतर कलमांचा भंग करीत असते. आणि जिच्या व्यासपीठावर एकही अपंग व्यक्ती अध्यापक म्हणून नाही, ती कार्यशाळा अपंगांना पुन्हा चतुर्थीतच ठेवते : त्यांना ज्ञानही 'मिळते'.

विद्यापीठीय विभागांची जबाबदारी येथे विशेष आहे. कार्यशाळांचे साहित्य, अनुवाद व प्रशिक्षक बहुधा त्यांच्याकडूनच पुरविले जातात; मराठी पारिभाषिक संज्ञाही तेथेच घडतात वा बिघडतात. शिवाय ३२ व्या कलमाने उच्च शिक्षणसंस्था स्वतःच बांधील पक्ष ठरलेल्या आहेत. म्हणून वर सुचविलेल्या स्वाध्यायाचे पहिले दहा नमुने विद्यापीठांनी बाहेर शोधण्याचे कारण नाही. ते त्यांच्या प्रवेशपत्रिकांत, परीक्षाविषयक परिपत्रकांत आणि वसतिगृहांच्या नियमांत सापडतील.